अस्सलबरहुकूम नक्कल
(कर्मचारी प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



एकाने दस्त उतरवावा आणि दुसऱ्याने मुळाशी ताडून त्याची रुजवात घ्यावी, ही आपल्या दप्तरांतील जुनी रीत. रुजवातीवाचून नकलेवर शिक्का पडत नसे. आता नकला संगणक करतो आणि रुजवातीचा मात्र आपल्याला विसर पडू लागला आहे.

एका यंत्रावर लिनक्स आणि दुसऱ्यावर विंडोज अशा भिन्न कार्यप्रणाली असल्या, तरी आज्ञा टंकून फायली नेण्याचा मार्ग सरळ आहे. फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी १९९५ साली एसएसएच ही सुरक्षित जोडणी तयार केली. ‘एससीपी’ ही आज्ञा त्याच कुळातील असून २०१८ पासून ती विंडोज १० बरोबरच मिळू लागली. आज्ञेपुढे मूळ फाईलचे नाव, मग दूरच्या यंत्राचे नाव, अपूर्णविराम आणि तेथील जागा. एवढी एक ओळ टंकली की नक्कल होते.

अडचण उद्भवते ती यानंतर. माझ्याच हातून घडलेला प्रकार सांगतो. एका कार्यालयात जन्मनोंदींच्या जुन्या पुस्तकांची पाने स्कॅन करून लिनक्सच्या यंत्रात ठेवली होती. काम दोघांनी वाटून घेतले होते. एकाने फाईलच्या नावात रोमन ‘पी’ मोठ्या लिपीत टंकला, दुसऱ्याने लहान. पुढचे आकडे दोघांनीही एकपासूनच घातले. लिनक्सच्या लेखी ही दोन वेगळी नावे. विंडोज नेहमीच्या मांडणीत ती एकच मानते. मी सबंध फोल्डर विंडोजच्या यंत्रावर उतरविला, तेव्हा मागून आलेली प्रत्येक फाईल आधीच्या फाईलच्या जागी जाऊन बसली. एससीपी अशा वेळी परवानगी विचारत नाही. पडद्यावर चुकीचा एकही संदेश आला नाही आणि मी निश्चिंत मनाने घरी गेलो!

दुसऱ्या दिवशी सहज मोजणी केली, तो निम्मीच पाने. मूळ यंत्र पुसून दुसऱ्या शाखेस देण्याचा आदेश निघाला होता. अंमलबजावणी लांबली म्हणून निभावले. एरवी त्या पानांवर ज्यांचा जन्म नोंदलेला आहे, त्यांना आपण ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला सही-शिक्क्यानिशी दिला असता.

देवनागरी नावांची गोष्ट वेगळी. लिनक्सवर फाईलचे नाव साधारणतः २५५ बाइटांपर्यंतच चालते आणि युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. म्हणजे ८५ चिन्हे, आणि त्यांत काना, मात्रा, हलन्त हीदेखील स्वतंत्र मोजावयाची. विंडोजवर याच्या जवळजवळ तिप्पट लांबीचे नाव चालून जाते. अर्जाचा सगळा विषय फाईलच्या नावात लिहिण्याची आपल्याला हौस. अशी फाईल लिनक्सचे यंत्र स्वीकारीत नाही. निदान ही चूक तोंडाने बोलून तरी दाखविते.

जुन्या फाँटमधील मराठी मजकुराबद्दलही विचारणा होते. नक्कल बिनचूक झाली, तरी तो फाँट नसलेल्या यंत्रावर अक्षरे अगम्यच दिसतील. युनिकोडमध्ये रूपांतर हे निराळे काम आहे. नकलेच्या आज्ञेकडून त्याची अपेक्षा करू नये.

तर रुजवात कशी घ्यावी? प्रथम दोन्हीकडील फायली मोजाव्यात. मग लिनक्सवर ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा देऊन प्रत्येक फाईलचा ६४ चिन्हांचा ठसा काढावा आणि यादी जपून ठेवावी. विंडोजवर ‘सर्टयुटिल’ला ‘हॅशफाईल’ हा पर्याय देऊन फाईलच्या नावापुढे ‘एसएचए२५६’ असे टंकले की तोच ठसा मिळतो. आतील एक बाइट जरी बदलला, तरी ठसा जुळत नाही. यादी मुळावरूनच करावी. नकलेवरून केली, तर नाहीशा झालेल्या पानाचा पत्ता तिला कोठून लागणार? आणि दुसऱ्या कर्मचाऱ्याने ती ताडून सही केल्याखेरीज मूळ पुसू नये.

समोरच्या दोन यंत्रांवर मी मुद्दाम काही सदोष नावांच्या फायली ठेवल्या आहेत. पहिल्या रांगेतील मंडळींनी पुढे यावे आणि त्या उतरवून पाहाव्यात.