जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे!

मागच्या वर्षी माझ्या मावशीच्या कानाखाली गाठ आली. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने अंगावर काढले. मग रिपोर्ट आला, लाळग्रंथीचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले, "जनुकीय बदलामुळे होतो हा." घरी येताना मावसबहिणीने हळूच विचारलं, "दादा, म्हणजे मलाही होणार?"

आजचा एपिसोड याच प्रश्नावर.

मी कोड लिहिणारा माणूस, तर तसंच सांगतो. जनुकं म्हणजे पेशीचा सोर्स कोड. पेशीचं विभाजन होताना कोडची कॉपी निघते. कधीतरी दोन गुणसूत्रं तुटतात आणि चुकीची टोकं एकमेकांना जोडली जातात. जणू एका फाइलमधला अर्धा कोड दुसऱ्याच फाइलमध्ये पेस्ट झाला!

मावशीचा प्रकार अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा. यात बऱ्याचदा ६ आणि ९ नंबरच्या गुणसूत्रांत अदलाबदल होते आणि 'एमवायबी' जनुक 'एनएफआयबी'ला चिकटतं. स्वीडनच्या संशोधकांनी २००९ मध्ये हे दाखवलं. एमवायबी पेशींना 'वाढा' असा आदेश देतं. या जोडणीनंतर तो आदेश थांबतच नाही.

आता मुद्दा. ही चूक लाळग्रंथीतल्या एका पेशीत, मावशीच्या आयुष्यात कधीतरी झाली. ती जन्मापासून नव्हती, बीजांडातही नव्हती. मग ती लेकीकडे जाणार कशी? लाळग्रंथीच्या बहुतेक कॅन्सरमध्ये असंच असतं.

मग ही चूक शोधायची कशाला? कारण काही वेळा औषध त्यावरच ठरतं. सिक्रेटरी कार्सिनोमा या प्रकारात 'ईटीव्ही६' आणि 'एनटीआरके३' जोडले जातात. अशा एनटीआरके जोडणीवर चालणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिबला अमेरिकेच्या एफडीएने २०१८ मध्ये मंजुरी दिली, तीही गाठ कुठल्या अवयवात आहे हे न बघता. मावशीच्या प्रकारावर अशी नेमकी गोळी अजून नाही. तिचं ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता तपासण्या चालू आहेत.

बहिणीला मी म्हटलं, "जनुकीय आहे गं, पण आनुवंशिक नाही." ती त्या रात्री नीट झोपली.

आणि तुम्ही? कानाखाली किंवा जबड्याखाली गाठ राहिली, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटली, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. आम्ही थांबलो होतो.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!