यंत्राची साथ

यंत्र आले की गाण्याचा प्राण जातो, ही तक्रार आपल्या परिचयाची आहे. जिच्यावाचून आज आपल्याकडे गाण्याची बैठक सहसा भरत नाही, त्या पेटीला याच नभोवाणीने 1940 साली दार बंद केले होते. ते पुन्हा किलकिले व्हायला 1971 साल उजाडावे लागले. पेटीचे सूर जागच्या जागी खिळलेले. त्यांत मींड नाही, श्रुतींचा सूक्ष्म भेद नाही, असा तिच्यावरचा आरोप होता, आणि तो खोटा नव्हता. तरीही गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली ती गात असे, हेही तितकेच खरे. आज ज्या ध्वनिमुद्रिकेविषयी बोलणार आहे ती इंग्लंडातली. तिच्या संगीताशी आपल्यापैकी अनेकांचा परिचय नसेल. परंतु तिने उभा केलेला प्रश्न आपल्या घरचाच आहे.

मँचेस्टर हे सूतगिरण्यांचे जुने शहर. तेथे 1978 साली टोनी विल्सन आणि अ‍ॅलन इरॅस्मस यांनी ‘फॅक्टरी’ या नावाने एक उद्योग आरंभिला व पुढे त्यातूनच ध्वनिमुद्रिका निघू लागल्या. लंडनच्या बड्या कंपन्यांचे उंबरठे न झिजवता आपले गाणे आपणच लोकांपुढे न्यायचे, अशा स्वतंत्र बाण्याच्या संगीताला तिकडे ‘इंडी’ म्हणतात. वादकांशी रीतसर करारमदार करण्याची फॅक्टरीची रीत नव्हती. ज्याचे निम्मे आयुष्य मसुदे तपासण्यात गेले आहे, अशा माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून घाम फुटतो. ही कंपनी 1992 साली बुडाली, एवढी नोंद करून पुढे जातो.

या कंपनीच्या आश्रयाने ‘जॉय डिव्हिजन’ हा चौघांचा वाद्यवृंद नावारूपास आला. त्याचा गायक इयान कर्टिस. 18 मे 1980 रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी, अवघ्या तेविसाव्या वर्षी त्याने आपले जीवन संपविले. मागे राहिले तिघे: बर्नार्ड समनर, पीटर हुक आणि स्टीफन मॉरिस. त्यांनी जुने नाव टाकले, ‘न्यू ऑर्डर’ हे नवे घेतले आणि त्याच वर्षी जिलियन गिल्बर्ट ही तरुणी त्यांना येऊन मिळाली. नाव बदलता येते, पण गाणार कोण? तिघांनीही प्रयत्न करून पाहिले आणि अखेर ते काम समनरकडे आले. त्याचा आवाज पातळ आहे, सुरावरून ढळणाराही आहे. 1981 सालची त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ऐकताना, ही मंडळी गेलेल्या मित्राच्या खोलीत दबक्या पावलांनी वावरत आहेत, असे वाटत राहते.

मग 1982 साली लंडनच्या ब्रिटानिया रो या स्टुडिओत त्यांनी पुढील ध्वनिमुद्रिकेचे काम केले. ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ या नावाने ती मे 1983 मध्ये निघाली. तिच्यात आठ गाणी आहेत. विजेच्या लहरींतून ध्वनी घडविणारा सिंथेसायझर, आधी मांडून ठेवलेली स्वरपंक्ती आपोआप वाजविणारा सिक्वेन्सर आणि ठेका धरणारे यंत्र यांना येथे वाद्यवृंदात मानाचे पान मिळाले. वेष्टनाच्या दर्शनी बाजूस वृंदाचे नाव नाही. फाँतँ-लातूर या फ्रेंच चित्रकाराने 1890 साली रंगविलेली गुलाबांची टोपली आहे आणि कडेला रंगांची एक सांकेतिक पट्टी.

ही यंत्रे तयार सूर ओकणारी होती, असा समज मात्र करून घेऊ नये. समनरने एक सिक्वेन्सर सुटे भाग जुळवून स्वतःच्या हाताने बनविला होता. या ध्वनिमुद्रिकेच्या दोन महिने आधी स्वतंत्रपणे निघालेल्या ‘ब्लू मंडे’ या साडेसात मिनिटांच्या गाण्यासाठी गिल्बर्टने एकेक स्वर कागदावर उतरविला, ते कागद एकमेकांना चिकटवून विणकामाच्या नमुन्यासारखी लांबलचक पट्टी केली आणि त्यावरून यंत्रात एकेक स्वर भरला. त्यात एक स्वर गळाला. परिणामी ती स्वरपंक्ती तालापासून किंचित सरकली, आणि त्या सरकण्यातच त्या गाण्याची ओढ आहे! आपल्या मुंबईतही चरणजित सिंग यांनी अशीच जपानी यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले, ते त्याच 1982 साली. पण त्यांचे नाव सर्वतोमुखी व्हायला पुढे पंचवीसेक वर्षे जावी लागली.

यंत्र शोक करू शकत नाही, हे मला मान्य आहे. मात्र शोक झालेल्या माणसाला ते उभे राहायला जागा देते. कर्टिसच्या भारदस्त आवाजाची नक्कल समनरने केली असती, तर ती केविलवाणी झाली असती. सिक्वेन्सरच्या अढळ चालीवर त्याचा दुबळा आवाज आहे तसाच टेकतो. कोणी पोरसवदा माणूस भिंतीला हात लावून चालावा तसा. या गाण्यांतील शब्द पुष्कळदा सामान्य आहेत, हे मी झाकणार नाही. तरी तो आवाज खोटा वाटत नाही.

ऐकायचेच झाले तर ‘युअर सायलेंट फेस’ हे गाणे प्रथम ऐकावे. आरंभी यंत्रांचा संथ, रुंद ओघ. हुकचे बास गिटार त्यावर नेहमीप्रमाणे वरच्या पट्टीत फिरते. आणि मधूनच एक कापरा, श्वासाने भरलेला सूर येतो. तो यंत्राचा नाही. समनर तेथे मेलोडिका वाजवितो. मेलोडिका म्हणजे तोंडाने फुंकून वाजवायची लहानशी पेटी. भात्याच्या जागी छाती, एवढाच फरक. आत पत्त्या थरथरतात त्या आपल्या पेटीतल्यासारख्याच.