शिक्षा

मंडळी, आमच्या शाळेत एकदा वीटभट्टीवरचा एक बिहारी मजूर आपल्या मुलाला घेऊन आला. हात जोडून म्हणाला, “गुरुजी, इसे अच्छी शिक्षा दीजिए.” आम्हांला वाटले, पोराने काही खोडी केली असणार! आम्ही डोळे वटारून त्याला कोपऱ्यात उभे केले. बाप गोंधळला. पोर रडू लागले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे आमच्या ध्यानात उशिरा आले.

तसाच ‘कल’ हा शब्द. आपला काल होऊन गेलेला. त्यांचा कल म्हणजे कालही आणि उद्याही. म्हणून मजुरीचा वायदा करताना वाराचे नाव घ्यावे, बरं का!

पोराला आम्ही पाटी दिली, जवळ बसवले. पण दोन महिने ते आमच्याशी बोलले नाही.