ठसा आणि पुतळी

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दागिन्यांवर बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले तेव्हा मी प्रथम हसलेच. दागिने घालायचे असतात, त्यांवर बोलायचे काय? पण गेल्या वर्षी घरात घडलेली एक गोष्ट आठवली आणि होकार दिला.

आमच्या आईची पुतळ्यांची माळ आहे. तिच्यातील एक पुतळी हरवली. सराफांकडे गेले तर ते म्हणाले, "तशी पुतळी आता मिळायची नाही. सगळी माळ आटवा, नव्या नमुन्याची करून देतो." धाकट्या बहिणीला ते पटले, मला पटेना. माळ दोघींची, तेव्हा थोडी धुसफूसही झाली. शेवटी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि वसईहून डहाणूची गाडी धरली.

माझे आजोळ चिंचणीचे. आपल्याच पालघर जिल्ह्यातले हे गाव. चिंचणी, डहाणू या पट्ट्यात दागिन्यांचे ठसे कोरण्याचा धंदा चालतो. तिकडे त्याला डायमेकिंग म्हणतात. आपल्या अंगावरची पाने, फुले, कोयऱ्या कितीतरी वेळा आधी पोलादात कोरलेल्या असतात आणि मग सोन्यात उतरतात. माझे मामेभाऊ हेच काम करतात.

दादांनी माळ भिंगाखाली धरली आणि म्हणाले, "अगं, एक ठसा केला की हजार पुतळ्या निघतात. तुला हवी एक!" पण बसले कोरायला.

शेजारी बसून मी ते काम पाहिले. ठशात सारेच उलटे. माळेत देवीचा जो हात डावीकडे दिसतो तो ठशात उजवीकडे, आणि जे वर उठून दिसायचे ते आत खोल. मधूनमधून मेण दाबून चेहरा कसा उतरतो ते पाहायचे. खोली जास्त झाली तर सोन्याचा पत्रा ताणून फाटतो. खाचेच्या बाजू किंचित तिरप्या नसल्या तर पत्रा आतच अडकून बसतो. मी विचारले, "दादा, याला कला म्हणायचे की कारखान्याचे काम?" ते मान वर न करता म्हणाले, "नाक अगदी धारदार ठेवले तर देवी सुरेख दिसते, पण पत्रा तिथेच फाटतो. मग देवी कुठली?"

कोरून झाल्यावर ठशाला पाणी द्यायचे, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करायचा. पोलाद त्याने कडक होते. नंतर पुन्हा हलके तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. आमचा पहिला ठसा पाण्यात पडताच तडकला. दोन दिवसांची मेहनत गेली. मला रडू यायचे बाकी होते, दादांनी मात्र चहा मागवला आणि दुसरा तुकडा हाती घेतला.

दुसरा टिकला. तापवून मऊ केलेला पत्रा ठशावर ठेवला, वर शिशाचा तुकडा, आणि हातोडीचा ठोका. शिसे नरम, ते पत्र्याला खाचेत दाबते. मात्र त्याचा कणही सोन्याला चिकटता कामा नये. तसेच तापवले तर सोने ठिसूळ होते, म्हणून पुतळी नीट पुसून, घासूनच नाके जोडायला घेतली.

मामांची आठवण निघाली. १९६३ साली सुवर्णनियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा अधिक कसाचे दागिने घडवायला बंदी झाली. चौदा कॅरट म्हणजे शंभरात सुमारे अठ्ठावन्न भाग सोने. ते कडक, बावीस कॅरटासारखे सहज ठशात बसत नाही. गिऱ्हाइकालाही ते नको. मामांची हातोडी कित्येक महिने खुंटीला होती. मामी त्या दिवसांत शेजारणींचे शिवण शिवून घर चालवीत. १९६६ मध्ये चौदा कॅरटाची अट उठली, पण मधल्या काळात पुष्कळ कारागिरांनी धंदाच सोडला होता.

आता दादांचा मुलगा संगणकावर नक्षी काढतो आणि यंत्र ती पोलादात कोरते. दादा यंत्राला नावे ठेवीत नाहीत. चेहऱ्यावरचा शेवटचा हात मात्र मुलगा त्यांच्याकडूनच फिरवून घेतो. तो हात पुढे कोणाला येईल, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

माळ आज मी घालून आले आहे. नवी पुतळी कोणती, ते चहाच्या वेळी जवळ येऊन ओळखा. बहिणीला अजून साधलेले नाही.