बाजार बुधवारचा, संध्याकाळ आमची

हातातलं काम चालू असू द्या. आमचं बोलणं भाजी निवडता निवडता ऐकण्यासारखंच आहे.

आमच्या गावात बुधवारी बाजार भरतो. त्यासाठी ग्रामपंचायतीनं सिमेंटचे ओटे बांधले, काही ओट्यांवर पत्रे टाकले आणि मधल्या जागेत काँक्रीट केलं. बुधवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. बाकीचे सहा दिवस शेळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि अंधार पडला की बाटल्या. इकडं आमच्या पोरी सातवीत गेल्या की त्यांचं खेळणं संपायचं. शाळेच्या मैदानाला पाच वाजता कुलूप, देवळापुढचा पार बाप्यांचा. आम्हा बायकांना चार घटका बसायचं तर पाण्याच्या टाकीपाशी, तेही हंडा भरेपर्यंत.

आमच्या गटातली एक जण नणंदेकडं मुंबईला गेली होती. माटुंग्याला उड्डाणपुलाखाली केलेली बाग ती बघून आली. पूर्वी तिथं गाड्या लावलेल्या असायच्या. रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि 2016 साली बाग सुरू झाली. नर्मदा नदी वळत जाते तशी वळणावळणाची चालायची वाट आहे म्हणे. ती म्हणाली, "पुलाखाली होतंय, मग आपल्या बाजारतळावर का नाही?" आम्ही आधी हसलो. मग दोरी घेऊन जागा मोजायला गेलो.

गावची ग्रामसभा होण्याआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, हे आपल्या राज्याच्या कायद्यातच आहे. बऱ्याच गावांत ती नुसती वहीत होते, सह्या घरी फिरतात. आम्ही 26 जानेवारीच्या ग्रामसभेआधी तीस जणी जाऊन बसलो आणि विषय लिहूनच घेतला : ट्रॉल्या दुसरीकडं लावाव्यात, दोन दिवे मिळावेत, संध्याकाळी जागा मुलामुलींना खेळायला आणि बायकांना बसायला मोकळी असावी. पुढं मोठ्या ग्रामसभेत कुरकुर झाली. "बाजाराची जागा बाजारालाच ऱ्हाऊ द्या," असं एक जण म्हणाले. त्यांची स्वतःची ट्रॉली तिथंच उभी असायची, त्यामुळं लोकच हसले. ठराव झाला.

पण खरी अडचण आमच्यातूनच आली. गटातल्या एक मावशी एकट्या आहेत, दीड एकर कोरडवाहू जमीन. त्या उभ्या राहून म्हणाल्या, "तुमची पोरं खेळतील गं, पण माझी तूर मी कुठं वाळवू? माझ्या दारात शेणाचं अंगणबी नाही." आम्ही सगळ्या गप्प. रिकामी जागा, रिकामी जागा म्हणत होतो, आणि आमच्याच मैत्रिणीची सुगी त्या सिमेंटवर होत होती. ठराव करण्याआधी तिला विचारलंच नव्हतं. ही चूक आमची, म्हणून मुद्दाम सांगतोय. मग असं ठरलं की सुगीत उगवतीकडची अर्धी बाजू धान्याला. तिथं खेळ नाही, चप्पल नाही. राखण मात्र आळीपाळीनं आम्ही करायची.

काम फारसं खर्चिक नव्हतं. चुन्यानं बॅडमिंटनचं मैदान आखलं, 44 फूट लांब, 20 फूट रुंद. कडेला टिक्करचे चौकोन काढले. खो-खो आणि कबड्डी सिमेंटवर नकोच, गुडघे फुटतात. फुगडी, झिम्मा, लगोरी, दोरीवरच्या उड्या खुशाल चालतात.

तापायचं मात्र फार. काँक्रीट दिवसभर ऊन पोटात साठवतं आणि दिवस मावळल्यावर हळूहळू सोडत बसतं. पाणी मारावं तर आमच्याकडं प्यायला टँकर. म्हणून पत्र्याला वरून चुना दिला, त्यात थोडा डिंक घातला. खाली बसल्यावर फरक कळतो. पावसात धुऊन जातो, दर फाल्गुनात पुन्हा द्यायचा. मावळतीच्या कडेला चार ठिकाणी काँक्रीट फोडून खड्डे घेतले आणि कडुनिंब लावले. खड्डा लहान ठेवू नका, चारी बाजूंनी तीन-तीन फूट तरी हवा, नाहीतर पावसाचं पाणी मुळाशी उतरत नाही.

एवढं करून पहिले आठ दिवस एकही पोरगी आली नाही! मुलगे आले, क्रिकेट सुरू झालं, आमच्या रेघा पुसल्या. आम्ही नाराज झालो. मग एका संध्याकाळी आम्ही सहा-सात जणी मेथीच्या जुड्या आणि तांदळाची सुपं घेऊन ओट्यावर जाऊन बसलो. घरी करतो तेच काम, फक्त तिथं. दुसऱ्या दिवशी दोन पोरी दोरी घेऊन आल्या. पंधरवड्यात वीस. आई समोर बसलेली दिसली की घरातून "कुठं चाललीस?" हा प्रश्न येत नाही. दिवा लागल्यावर बाटलीवालेही तिथून उठले. ते आता ओढ्याकडं बसतात, म्हणजे तो प्रश्न गावातून गेलेला नाही.

मंगळवारी रात्री आम्ही जागा झाडून बाजाराला मोकळी करतो. गुरुवारी सकाळी सडका पाला आम्हालाच उचलावा लागतो, त्यावरून ग्रामपंचायतीशी अजून वाद चालू आहे. शिवाय बाजारतळावर बायकांसाठी मुतारी नाही. बुधवारी भाजी विकणाऱ्या बाया सकाळपासून पाणी न पिता बसतात आणि आमच्या पोरी खेळ अर्धा टाकून घरी पळतात. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होईल, त्यात हाच विषय पहिला लिहून घेणार आहोत. या वेळी भाजीवाल्या बायांना आधी विचारलंय. दार रस्त्याकडं नको, असं त्यांनी सांगितलं आहे.