साखळीचा ताण



शेततळे खणायचे असो की नाला खोल करायचा असो, गावात आता पोकलेन येते. खरे म्हणजे हे एका फ्रेंच कंपनीचे नाव. आपण ते यंत्रालाच देऊन टाकले! या यंत्राला टायर नसतात, लोखंडी पट्ट्यांची साखळी असते. साखळी जमिनीवर ऐसपैस टेकते, वजन पसरते, म्हणून एवढे धूड मऊ रानातही सहसा रुतत नाही. अमेरिकेत बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली साखळीवरचा ट्रॅक्टर चालवून पाहिला, तो याचसाठी.

आता या साखळीला ताण किती असावा? सैल राहिली, तर वळताना ती चाकांवरून उतरते आणि ऐन चिखलात काम अडते. मग आवळून टाकावी काय? तेही नाही. फार ताणली की आतल्या पिना आणि बुश लवकर झिजतात, डिझेलही वाया जाते. काळ्या मातीचा चिखल दातेरी चाकात ठासून बसला, की साखळी आपोआप ताणते. म्हणून अशा रानात ती थोडी सैल ठेवतात.

ताण डोळ्यांनी नव्हे, पट्टीने मोजावा. बूम आडवी वळवून, बकेट जमिनीवर टेकवून एका बाजूची साखळी उचलतात. ती मागेपुढे फिरवून माती झाडतात. मग फिरणे थांबवून, सांगाड्याच्या खालच्या कडेपासून लोंबत्या पट्टीपर्यंतचे अंतर मधोमध मोजतात. ते किती हवे, हे त्या त्या यंत्राच्या पुस्तकात दिलेले असते.

साखळी घट्ट करायला ग्रीसगनने ग्रीस भरतात. ग्रीस आतला दट्ट्या ढकलते, दट्ट्या पुढच्या चाकाला ढकलतो आणि साखळी ताणते. शिक्षकमित्रहो, पास्कलचा नियम शिकवायला याहून जवळचे उदाहरण कुठले? हाताने दिलेला दाब टनावारी वजनाच्या यंत्राची साखळी ताणतो!

पण धोकाही तिथेच आहे. साखळी सैल करताना त्याच दाबाखालचे ग्रीस बाहेर येते. झडप हळूहळू, साधारण एक आटा एवढीच सोडावी. पूर्ण काढू नये. काढली, तर ती बंदुकीच्या गोळीसारखी सुटते, आणि ग्रीसची पिचकारी कातडीत घुसते. तशी जखम वरून टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची पाळी येऊ शकते. तेव्हा तडक दवाखाना गाठावा. ग्रीस येत नसेल, तर झडप आणखी न सोडता साखळी सावकाश मागेपुढे फिरवावी.

झडपेसमोर तोंड नेऊ नये, बाजूला उभे राहावे. उचललेल्या यंत्राखाली कोणी शिरू नये. आणि पोकलेन पाहायला मुले जमतातच, नाही का? त्यांना ही गोष्ट जरूर समजावून सांगा. पण लांब उभे करून.