कूलरचा टप आणि टीसीएलची पिशवी

नागपूरजवळच्या हिंगणा तालुक्यात पत्र्याचा कूलर मार्चअखेर खिडकीत चढतो आणि पुष्कळ घरी दिवाळीपर्यंत उतरत नाही. नवतप्याच्या कडक उन्हात त्याच्याशिवाय दुपार निघत नाही, मग ते हिंगण्यातले घर असो की एमआयडीसीतील कामगाराची भाड्याची खोली. उन्हाळ्यात विजेचा धक्का आणि पावसाळ्यात डेंग्यू हे दोन्ही धोके याच कूलरच्या टपात असतात.

टपातील पंप पाण्यात बुडालेला असतो. त्याच्या वायरचे आवरण विरले, की वीज पाण्यात आणि पत्र्यात उतरते. अर्थिंग नीट असेल तर ती जमिनीत जाते. नसेल तर ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाणी भरणाऱ्याच्या शरीरातून जाते. घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही. सहा किंवा दहा अँपिअरचा एमसीबी वायरचे रक्षण करतो. माणसाचा जीव जायला अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो. माणूस वाचवायला गळणारी वीज ओळखून पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. पाणी भरण्याआधी बटण बंद करून पिनही काढावी, कारण जुन्या वायरिंगमध्ये कित्येकदा बटण न्यूट्रलवर बसवलेले असते. कोणी कूलरला चिकटले तर आधी मेनस्विच बंद करायचा, तोवर त्या माणसाला हात लावायचा नाही, मग रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन.

पावसाळ्यात कूलर बंद होतो, पण टपात पावसाचे पाणी साचत राहते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर पत्र्यावर अंडी चिकटवते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात तो या हिशेबाने. मात्र पाणी नुसते ओतून भागत नाही. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी मिळाले की त्यांतून अळ्या निघतात. टपाच्या कडा घासणीने खरवडून काढाव्याच लागतात. हेच गच्चीवरील टायर, फ्रीजमागचा ट्रे आणि झाकण नसलेल्या ड्रमला लागू.

धूरफवारणीची मागणी सगळीकडून होते. ती दिसते, तिचा वासही येतो; पण तिने उडते डासच मरतात, अळ्या शाबूत राहतात. खरे काम घरोघर भांडी तपासणाऱ्या आरोग्य सेवकाचे आणि आशा ताईंचे. बॅटरीच्या उजेडात टपात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर ते पाणी ओतायला लावतात. जे पाणी ओतता येत नाही त्यात टेमीफॉस हे अळीनाशक टाकतात किंवा गप्पी मासे सोडतात. दाराला कुलूप असेल तर हे काम तिथेच अडते, आणि पाळीत काम करणाऱ्यांच्या वस्तीत दुपारी कुलपेच फार.

टपातल्या पाण्याइतकेच पिण्याचे पाणीही सांभाळावे लागते. त्याची जबाबदारी हिंगण्यात नगरपंचायतीची, वानाडोंगरीत नगरपरिषदेची आणि खेड्यांत ग्रामपंचायतीची. खेड्यात जलसुरक्षक विहिरीत किंवा टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो. नळाच्या पाण्यात ओटी (ऑर्थोटोलिडिन) द्रावणाचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे; प्रमाण लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवे. टाकीजवळच्या नळाला रंग येतो आणि शेवटच्या घरी येत नाही, तेव्हा गळकी पाइपलाइन किंवा नालीतून गेलेला नळ तपासावा लागतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाला कोणते कार्ड आहे, हे ग्रामसभेत विचारता येते. टीसीएल ओल लागल्यास निकामी होते, म्हणून पिशवी बांधून कोरड्या जागी ठेवायची. घरी थोडी पावडर आणली असेल तर संडास धुण्याच्या ॲसिडशी तिचा संबंध येऊ देऊ नये. दोन्ही मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.